मागच्या दाराची कडी

धुलाईखान्याच्या मागच्या दाराची आतली कडी आपोआप लागत नसे. वाफेने दार फुगलेलं होतं. खांदा लावून ते वर उचलायचं, गुडघ्याने दाबायचं आणि मग तळहाताने कडीवर ठोसा द्यायचा, तेव्हा कुठे ती बसायची. तिथे काम करणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. म्हणून माझी मोठी जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "वाऱ्याने दार लोटलं आणि कडी आपोआप लागली," तेव्हा सगळ्या जणी एकदम आपापल्या बादलीत बघायला लागल्या.

आता तो धुलाईखाना राहिला नाही. तरी कुठे ओल्या लोकरीचा वास आला की माझ्या मनगटांत बळ येतं. काय दिवस होते! आम्ही दोघी जावा तिथे दवाखान्यांच्या आणि वसतिगृहांच्या चादरी-ब्लँकेटं धुवायचो. घरात तिला मोठी म्हणायचे, मला धाकटी. चादरी पिळायला रोलरचं यंत्र होतं, पण जाड ब्लँकेट त्यात जायचं नाही. ते दोघींनी मागच्या अंगणात पिळायचं. दोन टोकं दोघींनी धरायची, उलटसुलट पीळ द्यायचा आणि मागे रेलायचं. समोरची "सोड" म्हणेपर्यंत टोक सोडायचं नाही. सोडलं तर ती पाठीवर आपटलीच म्हणून समजा.

त्या दुपारी बाकीच्या जणी पुढच्या खोलीत जेवायला बसल्या होत्या. आमचं एकच ब्लँकेट उरलं होतं. माझी पाठ कुंपणाकडे, मोठीचं तोंड कुंपणाकडे. कुंपणापलीकडे टेकडी. मी मागे रेलले आणि पाहिलं तर मोठीचे डोळे माझ्या डोक्यावरून कुठेतरी लागलेले. मी "सोड" म्हटलं नव्हतं. तिने टोक सोडलं.

मी पाठीवर पडले. पळणारी पावलं ऐकली. मग खांदा, गुडघा, ठोसा. तिन्ही आवाज ऐकले, आणि त्यानंतर मला बिबट्या दिसला.

तो छातीवरच आला. गळ्याकडे तोंड आणलं तसा मी हनुवटी खाली घेऊन डावा हात आडवा घातला. तो त्याने धरला. हात ओढून घ्यावा असं कुणालाही वाटेल. पण आम्हाला पहिल्या दिवशीच बजावलेलं असायचं, रोलरमध्ये हात गेला तर ओढायचा नाही, ओढलात तर कातडं सोलून निघेल. मी ओढला नाही. उलट आत कोंबला, घशापर्यंत. त्याला उबळ आली. उजव्या हाताने त्याच्या कानामागची सैल कातडी मुठीत धरली आणि ब्लँकेटाला देतात तसा पीळ दिला. गुडघे पोटात मारले. अंगठा डोळ्यात घातला. आणि ओरडले, त्याच्या तोंडावर ओरडले, इतक्या शिव्या की मला त्या येतात हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी त्यानेच हात सोडला. दोरीवरची दवाखान्याची चादर अंगावर घेऊन कुंपण ओलांडून गेला.

मग पुढच्या बाजूने वळसा घालून माणसं आली, हातात बांबू. सगळ्यांच्या पुढे मोठी.

"मी धावले म्हणून धाकटी वाचली!"

मालकांनी तिची पाठ थोपटली. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "जीव वाचला ना? मग घरातलं घरात राहू दे." नवरा म्हणाला, "वहिनी मुद्दाम कशाला करेल गं?" हे तो जमिनीशी बोलला.

बिबट्यावर माझा राग नव्हता. तो भुकेला होता.

हात बरा झाल्यावर मुकादम म्हणाले, घड्या घालायचं हलकं काम घे. मी म्हटलं, नको, मला ताईंबरोबर ब्लँकेटंच पिळू द्या. सगळ्यांना वाटलं, केवढं मोठं मन! मोठीचा चेहरा मात्र उतरला. मी तिला दगडी हौदाकडे पाठ करून उभी करायची. पीळ द्यायची आणि गप्प राहायची.

"म्हण ना गं 'सोड'."

"ओलं आहे अजून, ताई."

"ओलं कसलं? दगड झालाय त्याचा!"

"मला दिसतंय ना."

ती मागे वळून हौदाची कड बघायची. रोज बघायची. मला बरं वाटायचं.

पण पाहुणे आले की तिची गोष्ट सुरू व्हायची, आणि दरवेळी थोडी वाढायची. एकदा मी पाहुण्यांना पाणी देत होते आणि ती सांगत होती, "मी बादली फेकून मारली, तेव्हा हिला सोडलं त्याने." पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. तिथेच ठरवलं.

पुढच्या आठवड्यात मोठी अंगणात चादरी वाळत घालत होती. आत सगळ्या जणी टबांपाशी होत्या. त्यांत भोंगाही होती. तिला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर व्हायची, म्हणून ती भोंगा. मी दाराशी गेले. खांदा, गुडघा, ठोसा. आणि फटीतून ओरडले, "ताई, मागे बघू नका! आलाय!"

क्षणात दारावर धक्के बसायला लागले.

"धाकटे, दार उघड!"

"कडी लागली हो, ताई. वाऱ्याने."

"अगं, तो येईल! उघड!"

"आपोआप लागली. मी तरी काय करू?" मी गाल दाराला टेकवला. "त्या दिवशी कुणी लावली होती?"

आतल्या बायकांनी हात थांबवले.

"मी! मी लावली! तुला खाली पडलेलं बघितलं आणि लावली! उघड गं!"

"जरा मोठ्याने. भोंगाला ऐकू आलं नसेल."

"आलं गं बाई, आलं! अक्षर न् अक्षर आलं," भोंगा म्हणाली.

मी कडी काढली. मोठी आत कोसळली. तिच्यामागे दोरीवर चादरी हलत होत्या, बाकी काही नव्हतं. तिने वळून बराच वेळ पाहिलं.

"नव्हताच?"

"नव्हता."

"तुझ्यासारखी विषारी बाई मी जन्मात पाहिली नाही."

"मी पाहिली आहे, ताई."

संध्याकाळी आम्ही घरी पोचायच्या आधी गोष्ट घरी पोचली होती. सासूबाई मोठीशी बोलल्या नाहीत. नवऱ्याने माझ्या हाताकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यानंतर पाहुण्यांनी माझ्या बोटांबद्दल विचारलं की मोठी उठून स्वयंपाकघरात जायची.

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी तिला दुसरी जोडीदारीण द्यायचं पाहिलं. एकही तयार झाली नाही. मग ती माझ्यासमोर आली आणि न सांगता हौदाकडे पाठ करून उभी राहिली.

"धर," म्हणाली.

मी धरलं. पण "सोड" मी म्हटलं नाही. त्या दिवसापासून ते तिनेच म्हणायचं. पीळ चढायचा, माझ्या मोडक्या हातातून कळा यायच्या, तरी ती म्हणेपर्यंत मी माझं टोक सोडत नसे. ती बघायची. तिने बघावं, रोज बघावं, म्हणूनच तर मी धरून राहायची.