यादीवर बेतलेला नियम

यादी सोमवारीच ठरली होती. नियम शुक्रवारपर्यंत हवा होता. आधी नियम करतात आणि मग त्यात कोण बसतं ते बघतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. चॅनेलच्या चौथ्या मजल्यावर कामं उलटीच होतात, आणि वेळेत होतात.

वकीलबाईंना यात नवीन काही नव्हतं. अकरा वर्षं त्या चॅनेलच्या कायदा विभागात होत्या, म्हणजे तो विभाग त्या एकट्याच होत्या. संपादकांनी त्यांच्या टेबलावर एक कागद सरकवला. निवडणुकीच्या मोठ्या डिबेटला बोलवायच्या पाच पक्षांची नावं त्यावर होती आणि खाली लिहिलं होतं, 'एवढेच. कारण तुम्ही शोधा.' संपादक मोठे गोड बोलायचे. चाळीस वर्षं पत्रकारिता केली म्हणून सांगायचे. त्यातली निम्मी मालकांच्या केबिनबाहेर ताटकळण्यात गेली, हे तेवढं सांगायचे नाहीत.

पाचातला पहिला पक्ष सत्तेतल्या थोरल्यांचा. त्यांना घरीदारी सगळे थोरलेच म्हणत, कशात थोर ते कोणी विचारत नसे. दुसरा विरोधकांचा. तिसरा आणि चौथा, जो जिंकेल त्याच्या मांडवात जेवणाऱ्यांचे. आणि पाचवा मालकांच्या मेहुण्याचा. मेहुण्याने दोन पक्ष बुडवून सात महिन्यांपूर्वी तिसरा काढला होता.

सिस्टरचं नाव यादीत नव्हतं. खरं तर यादी केलीच होती ती सिस्टर त्यात नसावी म्हणून. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती ती. सरकारने सहा दवाखाने बंद केले तेव्हा तिने नोकरी सोडून पक्ष काढला आणि चार जणी निवडूनही आणल्या. एकदा एका उद्घाटनाला गर्दीत घुसून तिने थोरल्यांना कॅमेऱ्यासमोर विचारलं होतं, की बंद केलेल्या सहा दवाखान्यांतल्या खाटा गेल्या कुठे. थोरल्यांनी घड्याळात बघितलं आणि गाडीत बसून निघून गेले. सिस्टरला आता हाच प्रश्न डिबेटमध्ये विचारायचा होता. तिथून उठून गाडीत बसता येत नाही. गेलात तरी सगळा देश तुमची पाठ बघतो, आणि आलाच नाहीत तर रिकामी खुर्ची. तिची सगळी निवडणूक त्या एका प्रश्नावर उभी होती.

वकीलबाईंना तिच्याबद्दल राग नव्हता, प्रेमही नव्हतं. त्या स्वतःला शिंपी समजायच्या. गिऱ्हाईकाचं पोट का सुटलंय हे शिंपी विचारत नाही, माप घेतो. त्यांनी माप घ्यायला सुरुवात केली.

पहिला नियम सोपा होता: सभागृहात किमान तीन सदस्य. पण सिस्टरचे चार होते आणि मेहुण्याचा एकही नाही. मग पाहणीतली टक्केवारी घेतली. सिस्टर सहा टक्के, मेहुणा दीड, तोही बहुधा घरचे धरून. उमेदवारांची संख्या घेतली तर सिस्टरने शंभरावर माणसं उभी केलेली, आणि मेहुण्याला उमेदवारी अर्जावर सही करायला माणूस मिळेना. पक्षाचं वय घेतलं तर मेहुण्याच्या पक्षाला अजून दातसुद्धा आले नव्हते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सिस्टरला बाहेर काढायला जावं तर दरवेळी मेहुणा आधी बाहेर पडायचा, आणि संपादक दर तासाला येऊन विचारायचे, झालं का.

गुरुवारी दुपारी जमलं. ज्या पक्षाच्या नेत्याने याआधीच्या दोन्ही डिबेटमध्ये भाग घेतलाय, तोच पक्ष पात्र. मेहुणा दोन्ही वेळा होता, प्रत्येक वेळी वेगळ्या पक्षातून, पण माणूस तोच ना. सिस्टर कधीच नव्हती, कारण तिला कधी येऊच दिलं नव्हतं. आधी बोलू दिलं नाही म्हणून आता बोलू द्यायचं नाही. वकीलबाई स्वतःवरच इतक्या खूश झाल्या की त्यांनी पेन खाली ठेवून नियम पुन्हा एकदा वाचला.

संपादकांनी वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. थोरले दोन्ही वेळा आलेच नव्हते. कुठल्याच डिबेटला जात नसत ते, त्यांच्या जागी चॅनेलवाले नुसती नावाची पाटी ठेवायचे. म्हणजे या नियमाने देशाचा कारभार चालवणारा पक्षच बाद. वकीलबाईंनी 'भाग घेतलेला असावा' खोडून 'निमंत्रण मिळालेलं असावं' केलं. शुक्रवारी नियम चॅनेलच्या साइटवर झळकला. सभ्य दिसावं म्हणून त्यांनीच शेवटी एक ओळ घातली होती, की हरकत असल्यास शनिवारी सकाळी तासभर सुनावणी होईल. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

कारण सिस्टर आली. एकटीच आली, बसने, हातात प्लास्टिकची फाइल. बैठकीच्या खोलीत संपादक होते, वकीलबाई होत्या आणि मेहुणाही होता. त्याचं तिथे काही काम नव्हतं, पण बिस्किटं होती. सिस्टरने फाइलमधून दोन पत्रं काढून टेबलावर ठेवली. मागच्या डिबेटचं निमंत्रण आणि त्याच्या मागच्या डिबेटचं निमंत्रण, चॅनेलच्या शिक्क्यासकट.

चॅनेलवर पाहुणे बोलवायचं काम बघणाऱ्यांची पद्धतच होती ती. आधी सगळ्याच पक्षांना एका झटक्यात पत्रं पाठवायची, म्हणजे नेत्यांच्या तारखा अडकून राहतात, आणि यादी ठरली की नको असलेल्यांना 'क्षमस्व' कळवायचं. चौथ्या मजल्यावर हे प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणूनच कोणाला आठवलं नाही. सिस्टरने लपवालपवी केली नव्हती. तिने ती दोन क्षमस्वाची पत्रंही शेजारी मांडली. दोन्हींवर सही वकीलबाईंची होती.

सिस्टर सावकाश म्हणाली, "नियमात निमंत्रण मिळालेलं असावं, एवढंच लिहिलंय. मला दोनदा मिळालंय."

संपादकांनी पाणी मागवलं. मेहुण्याने बिस्किट तोंडात तसंच धरलं. मग दोघांनी वकीलबाईंकडे बघितलं.

त्यांना नुसतं 'हो' म्हणायचं होतं. नियम त्यांनी केलेला, शब्द त्यांचे, आणि त्या शब्दांत ही बाई लख्ख बसत होती. 'हो' घशापर्यंत आलंही होतं. कारणं काढायची तर नोकरी होती, मालक होते, अकरा वर्षं होती. पण खरं कारण एवढंसं आणि घाणेरडं होतं. आपला इतका नेटका नियम एका नर्सने, बसमधून येऊन, प्लास्टिकच्या फाइलने उसवला, हे त्यांना सहन होईना.

त्यांनी नियमाची मूळ प्रत पुढे ओढली आणि 'निमंत्रण मिळालेलं असावं' याच्यापुढे लिहिलं, 'व ते रद्द झालेलं नसावं.' बाजूला सही केली. सहीखाली तारीख घातली, गुरुवारची.

सिस्टर हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "आजची घाला ना. मी आज आलेय."

वकीलबाईंनी तारीख बदलली नाही. संपादकांनी घसा साफ करून हरकत फेटाळल्याचं जाहीर केलं आणि लोकशाहीत नियम सर्वांना सारखे असतात, असं काहीतरी बोलले. मेहुण्याने बिस्किट चावलं.

सिस्टरने चारही पत्रं एकावर एक ठेवून फाइलमध्ये घातली. जाताना ती वकीलबाईंच्या खुर्चीपाशी थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती रागावली नव्हती. पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "बाई, एवढं डोकं आमच्या वॉर्डात कोणाला असतं ना, तर चार माणसं वाचली असती."

रविवारी संध्याकाळी डिबेट झाली. वकीलबाई घरी आईबरोबर बघत होत्या. थोरले याही वेळी आले नाहीत, त्यांची पाटी आली. मेहुणा अर्धा तास आपल्या त्यागाबद्दल बोलला. बाकीचे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होते. दवाखान्यांचा विषय कोणी काढला नाही. आई चष्मा पुसून पुसून बघत होती. त्या उद्घाटनाची क्लिप तिने शेजारणीला तीनदा दाखवली होती.

"ती सिस्टर कधी बोलणार गं?" तिने शेवटी विचारलं.

"ती नाहीये. नियमात बसली नाही."

"असला कसला नियम? कोणी केला मेल्याने?"

वकीलबाई म्हणाल्या की असतात कोणी कोणी, ऑफिसात. आईला ते पटलं. तिने पाय वर घेतले, पांघरूण ओढलं आणि अगदी खात्रीने म्हणाली, "तुला विचारलं असतं ना त्यांनी, तर तू असं होऊ दिलं नसतंस."

"नसतं होऊ दिलं," वकीलबाई म्हणाल्या.