इंग्रजीला विटाळ नाही

प्रमोदिनी महिन्यातून तीन दिवस इंग्रजी शिकत असे. उरलेले दिवस पोळ्यांचे.

लग्नाआधी ती मुंबईच्या कॉलेजात जायची. इंटरला बाकीच्या विषयांत सुटली, इंग्रजीत गचकली, आणि त्याचं दुःख नीट करायलाही सवड न मिळता डोंबिवलीच्या या घरात सून होऊन आली. मामंजींनी बैठकीतच सांगितलं होतं, "राहिलेला पेपर एकदा द्यायला आमची हरकत नाही. एकदा." ते वाईट नव्हते, पण दिलेला शब्द आणि घातलेली अट, दोन्ही त्यांच्याकडे पक्की असत. या खेपेला सुटली तर पुढे बी.ए.चं नाव काढता येणार होतं. नाही तर पुस्तकं माळ्यावर, आणि जन्मभर 'इंटर नापास' हे बिरुद.

अभ्यासाला घरात कुणाची ना नव्हती. वेळ मात्र कुणी देत नव्हतं, आणि वेळ मागायची सुनांना जीभ नसते. पहाटे बंब पेटवण्यापासून रात्री ओटा धुण्यापर्यंत तिचे हात दुसऱ्यांचे. म्हणून कावळा शिवला की तिला हर्ष होई. मागच्या पडवीत चटई, घोंगडी, तांब्या, आणि कुणी काम सांगायचं नाही. पहिल्याच महिन्यात तिने पुस्तक बरोबर नेलं, तेव्हा मामंजींनी चष्म्यावरून पाहिलं. "पुस्तक? विद्येला विटाळ होतो."

"पोथीला होतो," सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या. "साहेबाच्या भाषेला कसला होतोय?"

साहेबाच्या कचेरीत जन्म घालवून पेन्शन घेणाऱ्या मामंजींनी चष्मा वर सरकवला आणि वर्तमानपत्र उघडलं. तेव्हापासून पडवी हे प्रमोदिनीचं कॉलेज झालं. तिथेच तिने नेमलेलं नाटक संपवलं, कादंबरी संपवली. निबंध आणि सारांशलेखन परीक्षेआधीच्या शेवटच्या पाळीसाठी राखून ठेवलं. गेल्या वेळी ती सारांशातच बुडाली होती.

चैत्र लागला, परीक्षा जवळ आली, आणि पाळी आली नाही.

पहिल्यांदा तिला वाटलं, परीक्षेच्या धास्तीने लांबली असेल. पण मग सकाळी फोडणीचा वास नकोसा व्हायला लागला आणि तिने बोटांवर दिवस मोजले. दिवस राहिले होते. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण भीतीने त्याला आत येऊच दिलं नाही. घरात कळलं की मामंजी काय म्हणणार ते तिला तोंडपाठ होतं: दोन जिवांच्या बाईने गाडीचे धक्के खात मुंबईला जायचं नाही. परीक्षा गेली ती गेलीच. नवऱ्याला सांगावं, तर हरिहरच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत अर्ध्या डोंबिवलीने पेढे मागितले असते.

शेवटी एके सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबली आणि म्हणाली, "सासूबाई, कावळा शिवला."

सासूबाई पोळी लाटत होत्या. लाटणं क्षणभर थांबलं. "बरं," त्या म्हणाल्या. "घोंगडी उन्हात घातली आहे, ती घे."

पडवीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो ते. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. घरात अभद्र बोलू नये, बोललेलं खरं होतं. आणि तिने तर स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, पोटात काही नाही म्हणून. वास्तू म्हणाली असेल तथास्तु? ती उताऱ्याची पहिली ओळ वाची, आणि दुसऱ्या ओळीला हात पोटावर जाई. कमरेत जरा कळ आली तरी पुस्तक मिटे. इंटर गेली तर गेली, असंही एकदा वाटलं. मग त्या विचाराचाच राग आला आणि ती परत पहिल्या ओळीवर आली. दोन दिवसांत एका उताऱ्याचाही सारांश धड झाला नाही.

तिसऱ्या दिवशी कोपर गावची सगुणा परसदारी कैऱ्यांची पाटी घेऊन आली. तिला सातवा महिना होता, तरी पाटी डोक्यावरच. कैरीच्या वासाने प्रमोदिनीच्या तोंडाला पाणी सुटलं. पण बाजूला बसलेल्या सुनेने कैरी मागितली, तर ते दवंडी पिटण्यासारखंच झालं असतं. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

दुपारी सासूबाई ताट घेऊन आल्या. नेहमी त्या वरूनच वाढत. आज खाली बसल्या. आमटीचा वास आला तशी प्रमोदिनीने ताट सरकवलं, आणि मग घाबरून परत ओढलं.

"राहू दे ती आमटी," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ओच्यातून मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी काढल्या आणि सरळ तिच्या हातावर ठेवल्या.

"अहो, शिवलात मला."

"शिवले." त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पापडांचा बेत तुझ्या दिवसांवर बेतते मी. मला हिशेब कळत नाही होय गं?"

प्रमोदिनीला रडू कोसळलं. सगळं एकदम बाहेर आलं. परीक्षा, मामंजी आणि सर्वांत शेवटी ते: "मी पोटात काही नाही असं म्हणाले, सासूबाई. वास्तूने तथास्तु म्हटलं असेल तर?"

"वास्तू नाही तसं म्हणायची. तू इकडे आलीस आणि मी देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, पोरगी खोटं बोलते आहे, तिचं ऐकू नका." त्यांनी चटईची मुडपलेली कड सरळ केली. "मी या पडवीत नुसती झोपायचे. आयुष्यात झोप मिळाली ती इथेच. तू वाचतेस."

"पण गाडीतून..."

"मी येते बरोबर. ती सगुणा पाटी घेऊन कोपरहून चालत येते, तू बसून जाणार आहेस. आणि तिसरा महिना लागेपर्यंत कुणाला सांगायचं नसतंच. रीतच आहे तशी."

आतून मामंजींची हाक आली, ताक कुठे ठेवलंय म्हणून. सासूबाई उठल्या, पण आत गेल्या नाहीत. विहिरीवर गेल्या, पोहरा ओढला आणि नेसल्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतून घेतला.

मामंजी दारात आले. "भर दुपारी आंघोळ कसली?"

"सुनेला शिवले चुकून," सासूबाई ओल्या केसांतून म्हणाल्या, आणि दुसरा पोहरा ओतला.

प्रमोदिनीने कैरीची फोड तोंडात टाकली, डोळे पुसले आणि उतारा पुढे ओढला. पाणी पडल्याचा आवाज पुन्हा आला, तेव्हा ती चौथ्या ओळीवर होती.