टाचेखालचा पत्ता

वहिनींनी सकाळी दहाच्या ठोक्याला दुकानाच्या काचेवर पाटी लावली: 'आज मापं घेतली जाणार नाहीत. बेल वाजवू नये.' ती पाटी वाचून पहिल्या अर्ध्या तासात तिघांनी बेल वाजवली. माणसांचं हे असंच असतं, त्याला इलाज नाही. वहिनींनी तिघांनाही दारातूनच वाटेला लावलं, बाह्या वर सारल्या आणि त्या लॅपटॉपसमोर बसल्या. आज पत्ता जोडायचा म्हणजे जोडायचाच, मग इकडचं जग तिकडे होऊ दे.

दुकान जोड्यांचं होतं. पण काचेत मांडलेला चकचकीत जोड उचलला, पिशवीत घातला आणि चालू लागलं, असलं नव्हे. एक पाय आखूड असलेले, घोटा वाकडा असलेले, अपघातात बोटं गेलेले, टाच जन्मात कधी जमिनीला न टेकलेले, अशा लोकांचे जोडे इथे हाताने शिवले जात. वहिनींच्या सासूबाईंनी चाळीस वर्षं हे काम केलं, त्यांच्या मुलाने पुढे चालवलं. तीन वर्षांपूर्वी तो ध्यानीमनी नसताना गेला, तेव्हा लग्नापासून सासूबाईंच्या हाताखाली शिकलेल्या सुनेने चामडं शिवायची आरी हातात घेतली. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

नवऱ्याने एक गोष्ट करून ठेवली होती. प्रत्येक जोड्याच्या आत, टाचेखालच्या अस्तरावर, तो दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता ठशाने उमटवायचा. जोडा झिजला, माणूस दुसऱ्या गावी राहायला गेला, फोन नंबर हरवला, तरी आत हात घालून अस्तर उचलायचं आणि दुकान गाठायचं. असे हजाराच्या वर जोडे आज कुठे कुठे चालत होते. आणि सोमवारपासून त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. जिथे वेबसाइट ठेवली होती त्या कंपनीने गाशा गुंडाळला होता. पत्ता टाकला की कोरं पान, बस्स.

वहिनींनी महिनाभर खपून दुसऱ्या कंपनीकडे नवी वेबसाइट स्वतः उभी केली होती. फोटो स्वतः काढले, मजकूर स्वतः लिहिला. आता फक्त जुना पत्ता या नव्या जागेला जोडायचा राहिला होता. त्यांच्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, सल्ला दिलाच होता, "वहिनी, कशाला डोकेफोड? नवा पत्ता घ्या. दोन मिनिटांचं काम."

"आणि हजार जोड्यांत शिरून ठसे कोण बदलणार? तुम्ही?" वहिनींनी विचारलं होतं.

शिवाय आजचा दिवस साधासुधा नव्हता. एका पुनर्वसन केंद्राने अकरा रुग्णांचे जोडे शिवण्यासाठी या दुकानाची निवड केली होती, आणि हे अकरा नीट झाले तर वर्षभराचं काम. मापं आज मेलवर येणार होती. केंद्राचा नियम कडक होता: रुग्णांची माहिती फक्त नोंदलेल्या मेलवर जाईल आणि पोचही तिथूनच यायला हवी, तीही पाच वाजायच्या आत. नाहीतर काम यादीतल्या पुढच्या कारखान्याला. हे काम हातचं गेलं तर या महिन्याअखेर दुकान बंद करायचं, असं सासूसुनांनी मनावर दगड ठेवून ठरवलं होतं. दुसरा मार्गच उरला नव्हता.

"झालं का गं?" खिडकीशी बसून चामडं तासता तासता सासूबाईंनी विचारलं.

"आई, आत्ता तर बसलेय."

"नाही, तुझा चेहरा झाल्यासारखा दिसला म्हणून विचारलं."

ज्या कंपनीकडून पत्ता विकत घेतला होता तिच्या पानावर वहिनी शिरल्या. पासवर्ड तीनदा चुकला, चौथ्यांदा लागला. आत एक तक्ता होता. त्यात पाच ओळी. प्रत्येक ओळीला रेकॉर्ड म्हणायचं. कोणी हा पत्ता टाकला तर त्याला कुठे न्यायचं, हे त्या ओळी सांगतात, एवढं वहिनींनी महिनाभरात वाचून काढलं होतं. नव्या कंपनीने दोन ओळी पाठवल्या होत्या: या दोन टाका, जुन्या आड येत असतील तर त्या काढा.

आता इथे या दुकानाची एक रीत सांगितली पाहिजे. जोड्याला नवा तळ बसवायचा तर आधी जुनी शिलाई पार उसवायची. एकही टाका मागे ठेवायचा नाही, दोऱ्याचं टोकसुद्धा चिमट्याने ओढून काढायचं. जुना टाका राहिला तर तो नव्या दोऱ्याला आतून कापतो आणि सहा महिन्यांत तळ आ वासतो. सासूबाईंनी सुनेला पहिल्या दिवशी शिकवलेला धडा हाच, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत त्यांनी तिला दोन महिने फक्त उसवायला बसवलं होतं.

तेव्हा वहिनींनी काय केलं असेल ते सांगायला नको. पाच ओळी बघितल्या आणि पाचही उसवल्या. प्रत्येक वेळी पानाने विचारलं, नक्की काढायची? प्रत्येक वेळी वहिनींनी ठणकावून हो म्हटलं. मग स्वच्छ झालेल्या तक्त्यात नव्या दोन ओळी घातल्या, एकेक आकडा बोट ठेवून दोनदा तपासला, आणि जतन केलं. 'बदल सगळीकडे पोहोचायला एक तास ते दोन दिवस लागू शकतात,' असं खाली आलं.

"दोन दिवस! चामडं भिजवायलाही एवढे लागत नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

पण नशीब म्हणा, साडेबारालाच वहिनींनी फोनवर पत्ता टाकला आणि नवी वेबसाइट समोर उघडली. वरती दुकानाचा फोटो, फोटोत खिडकीशी सासूबाई. वहिनींना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. त्या उठून सासूबाईंना फोन दाखवायला गेल्या.

"मी एवढी वाकलेय?" सासूबाईंनी फोन लांब धरून विचारलं. "बदल तो फोटो."

जेवून उठतात न उठतात तोच फोन वाजला. केंद्रातल्या बाई होत्या, मापांचं काम त्यांच्याकडे होतं. "अहो, तुमच्याकडे मेल पोहोचत का नाही? सकाळपासून अडकलीय. 'पोहोचली नाही, पुन्हा प्रयत्न करत आहोत' असा निरोप येतोय."

वहिनींनी स्वतःच्या फोनवरून दुकानाच्या पत्त्यावर मेल टाकून पाहिली. नाही आली. मग त्यांना त्या पाच ओळी आठवल्या. वेबसाइटच्या दोन होत्या. मग बाकीच्या तीन कशाच्या होत्या? मेल कुठे नेऊन द्यायची हे सांगणाऱ्या ओळीसुद्धा त्याच तक्त्यात होत्या, आणि त्या त्यांनी स्वतःच्या हाताने, हो म्हणत म्हणत, उपटून टाकल्या होत्या.

"बाई, मेल मिळेल," त्या फोनवर म्हणाल्या. "पाचच्या आत पोच येईल. मी शब्द देते."

"माझ्या हातात असतं तर मी थांबले असते हो. पण पाचला समिती बसते."

"थांबू नका. पोच येईल."

त्यांनी फोन ठेवला. मेलची कंपनी कुठली, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते सगळं नवऱ्याने बसवलेलं, आणि फोनमध्ये मेल आपोआप यायची म्हणून कधी विचारायची वेळच आली नव्हती. पत्ता विकणाऱ्या कंपनीला त्यांनी फोन लावला. पुसलेल्या ओळी परत आणता येत नाहीत, असं तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं. वहिनींनी जुनी पत्रं चाळली, नवऱ्याची वही चाळली. काही नाही. एवढ्यात भाऊजी उगवले. त्यांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा त्यांचा स्वतःचा समज होता.

"अहो, असं सहसा एकाच धर्तीचं असतं," खुर्ची ओढत ते म्हणाले. "अंदाजाने टाकून बघू. लागलं तर लागलं."

"अंदाजाने जोडा शिवतात का भाऊजी?"

"हा जोडा नाहीये, वहिनी."

"माझ्यासाठी आहे. अकरा माणसं आहेत यात. अंदाज नको, माप हवं." आणि त्या पुन्हा वहीत डोकं घालून बसल्या. दोन वाजून गेले होते.

सासूबाईंची तासणी थांबली. "काय हरवलंय एवढं?"

"मेलचं माप हरवलंय, आई. यांनी कुठे लिहून ठेवलं होतं का, तेच शोधतेय."

"मग कार्ड काढ की."

"कसलं कार्ड?"

"त्या वेबसाइटचं. दुसरं कसलं?"

भाऊजी फिसकन हसले. वहिनी हसल्या नाहीत. या दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड होतं. पायाचा आकार पेन्सिलने आखलेला, खाली मापं, शेवटी 'विशेष सूचना'. चालत्या ग्राहकांची कार्डं वरच्या खणात. माणूस गेला की त्याचं कार्ड खालच्या खणात जायचं, पण फेकलं जायचं नाही.

"सात वर्षांपूर्वी तो आला, म्हणाला, आई, दुकानाची वेबसाइट झाली," सासूबाई सांगू लागल्या. "मी म्हटलं, माझ्या दुकानात आलीये ना, मग तिचं कार्ड होणार. तो हसून लोटपोट. मी बसवलाच त्याला. एकेक अक्षर तो कागदावर मोठं काढायचा आणि मी ते बघून आखायची. इंग्रजी मला कुठे येतं? पाय आखते तशीच आखली."

"मी वरचा खण शंभर वेळा बघितलाय, आई. त्यात नाहीये."

सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. "खालच्या खणात असेल. तो गेल्यावर त्याचं कार्ड खाली ठेवलं, तेव्हा हेही त्याच्यासोबत ठेवलं. त्याचंच होतं ते."

खालचा खण वहिनींनी तीन वर्षांत उघडला नव्हता. गरज पडली की सासूबाई उघडायच्या, आणि वहिनी तेवढ्यात काहीतरी काम काढून बाहेर जायच्या. आता त्या जमिनीवर बसल्या, श्वास घेतला आणि खण ओढला. अगदी पुढेच ते कार्ड होतं. डावा पाय, उजवा पाय, उजव्या करंगळीजवळचा तो उंचवटा. वहिनींनी क्षणभर त्या रेघेवरून बोट फिरवलं. ढसाढसा रडायला आत्ता वेळ नव्हता. त्याच्या मागचं कार्ड त्यांनी उपसलं.

'ग्राहक: वेबसाइट. डावा पाय: नाही. उजवा पाय: नाही.' आणि खाली, पेन्सिलने सावकाश आखलेली, टपोरी, जरा वाकडी अशी इंग्रजी अक्षरं आणि आकडे. पाच ओळी. पाचही.

सगळ्यात खाली 'विशेष सूचना' होती. तिथे सासूबाईंचं अक्षर नव्हतं. घाईघाईने, निळ्या शाईत, नवऱ्याने लिहिलं होतं: 'उद्या वेबसाइटचा तळ बदलला तरी मेलच्या तीन ओळी उसवू नयेत. आई सगळं उसवते. हिलाही तेच शिकवलंय.'

वहिनी ते वाचून हसल्या आणि हसता हसता रडल्या. भाऊजींनी खुर्ची रिकामी केली.

"काय लिहिलंय त्याने?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमची तक्रार केलीये. माझीही."

"चांगला होता तसा," सासूबाई म्हणाल्या आणि पदराऐवजी चामड्याच्या तुकड्याने डोळे पुसले.

तीन ओळी परत घालायला वहिनींना वीस मिनिटं लागली, कारण प्रत्येक अक्षर त्यांनी पडद्यावर बोट ठेवून सासूबाईंना दाखवलं आणि सासूबाईंनी कार्डाशी ताडून मान डोलवल्यावरच पुढचं घातलं. पावणेतीनला जतन केलं. पुन्हा तीच ओळ खाली आली: एक तास ते दोन दिवस.

मग काय, वाट बघायची. साडेतीन झाले. चार झाले. भाऊजींनी येरझारा घालून फरशी झिजवली. वहिनी मात्र एका जोड्याचा तळ मांडीवर घेऊन शिवत बसल्या. आरी घालायची, दोरा ओढायचा, आवळायचा. चार वीसला केंद्रातल्या बाईंचा फोन आला. "अजून नाही ना?" वहिनी म्हणाल्या, "अजून पाच वाजले नाहीत."

चार एकेचाळीसला लॅपटॉप वाजला. मेल सकाळी दहा पन्नासला निघालेली होती. इतका वेळ ती दुसऱ्या टोकाला दार ठोठावत थांबली होती, आता पत्ता सापडल्याबरोबर आत आली. अकरा माणसं, बावीस पाय. भाऊजींनी टाळी वाजवली. वहिनींनी आरी टोचू नये म्हणून अंगठ्याला बांधलेलं चामडं काढून ठेवलं आणि पोच लिहिली: 'मापं मिळाली. काम उद्यापासून सुरू.' चार एकोणपन्नासला ती गेली, आणि पाचला दोन मिनिटं कमी असताना उत्तर आलं: 'नोंद झाली. काम तुमचं.'

सासूबाईंनी वरचा खण उघडला आणि अकरा कोरी कार्डं मोजून टेबलावर ठेवली.

वहिनींनी ते जुनं कार्ड घेतलं. पहिल्या दोन ओळींवर एक सरळ रेघ मारली, शेजारी नवे आकडे लिहिले, आजची तारीख टाकली. खालच्या तीन ओळींना हात लावला नाही. मग त्या उठल्या आणि खालच्या खणापाशी आल्या. नवऱ्याचं कार्ड नीट सरळ करून त्यांनी खण हलक्या हाताने लावला.

"आणि हे?" सासूबाईंनी त्यांच्या हातातल्या कार्डाकडे बोट दाखवलं.

"हे चालतंय, आई," वहिनी म्हणाल्या आणि ते त्यांनी वरच्या खणात ठेवलं.