आईच्या कोपराची खूण

जपानमधल्या शिगाराकी गावातल्या आमच्या घरात दाराजवळ पाहुण्यांसाठी हात धुण्याची एक चिमुकली खोली आहे. आईने स्वतः घडवलेले निळसर मातीचे भांडे तिथे बेसिन म्हणून बसवायचे होते. ते फळीवर ठेवले की त्याचा काठ फळीपेक्षा बराच वर येतो. म्हणून पाठीत वाकलेल्या आईला भिंतीशी उभे करून बाबांनी तिच्या कोपराच्या बरीच खाली पेन्सिलीने फळीची खूण केली होती. काम सुरू होण्याआधीच आई गेली.

तिच्या मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या बौद्ध विधीआधी सुतार तात्सुओकाका आले. खूण पाहून हसले. "अरे तोमोया, तुम्ही बापलेक बांबूसारखे वाढलेले! इथे फळी ठोकली तर कंबरडं मोडेल. वीतभर वर घेऊ?"



"खुणेवरच बसव," बाबा म्हणाले.

"वेडा आहेस, कोसाकू. आता कोण..." काका मध्येच थांबले आणि त्यांनी करवत उचलली.

नळ जोडल्यावर पहिल्यांदा बाबांनी हात धुतले. अंत्यविधीत आईच्या तसबिरीपुढे ते वाकले होते, त्याहूनही खाली त्यांना वाकावे लागले. नळ बंद केल्यावरही ते तसेच राहिले. मी दार हलकेच ओढून घेतले.