आठ फूट

"अक्का, टेप ताठ धर. सैल पडला की फूटभर जागा गिळतोय त्यो."

विनोदचा आवाज घराच्या पुढून आला. शिल्पा मागच्या भिंतीशी उकिडवी बसून टेपचं टोक अंगठ्याने दाबून होती. घराच्या कडेला जेमतेम एक माणूस जाईल एवढा बोळ. त्यातून ती पिवळी पट्टी रामनगरच्या बाजाररस्त्याकडे सरकत गेली आणि मध्येच थांबली. हाताला हिसका बसला.

"उठणार न्हाई मी. मोजायचं तर माझ्या डोस्क्यावरनं मोज."

हा फुलामावशीचा आवाज. शिल्पाने टेपच्या टोकावर वीट ठेवली आणि ती पुढे आली.

बाजाराचा दिवस होता. घराची पायरी आणि रस्ता यांच्यामधल्या पट्टीत दिग्गी-गुंदकडच्या नऊ बायका नेहमीसारख्या ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या बुडाखाली आपापला धोंडा, पुढ्यात कंद, केळफुलं, पालेभाजीच्या जुड्या. मधोमध फुलामावशी. तिच्या टोपलीशी मोजणीवाला टेप घेऊन अवघडून उभा होता.

"मावशी, आमच्या कागदात हाय ही जागा," विनोद म्हणाला.

"कागदाचं मला सांगू नगंस. सरकारी रस्ता हाय ह्यो. तुझ्या बानं सांगितलंय मला, सवताच्या तोंडानं. त्यो गेला म्हणून रस्ता तुझा झाला व्हय?"

"सरकारी असंल तर सरकारलाच बोलवू की."

"बोलव. च्या बी पाज त्याला." बाकीच्या बायका हसल्या. "नऊ जणी हाओत. तालुक्याच्या हापिसाच्या दारात चूल मांडू, कंद तिथंच उकडू. बघू कोण उठवतंय."

शिल्पा घरात गेली.

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. याच पुढच्या खोलीत दार उघडं टाकून झिलूबाबांनी चाळीस वर्षं गळक्या बादल्यांना आणि घागरींना नवी बुडं बसवली. त्यांची कातरी, लाकडी हातोडा, पत्र्याचे तुकडे अजून कोपऱ्यात होते. बूड कापून काढलेली एक बादलीही होती. ती कुणाची हे बाबांनाच ठाऊक. अजून कुणी मागायला आलं नव्हतं.

जागेच्या मालकीचं हक्कुपत्र त्यांनीच केलेल्या पत्र्याच्या पेटीत होतं. सरकारचा शिक्का, कन्नडमध्ये बाबांचं नाव, खाली माप. रुंदी तीस फूट, लांबी साठ. मागच्या भिंतीपासून पायरीपर्यंत बावन्न भरले होते.

म्हणजे पुढचे आठ फूट घराचेच.

तिला आई आठवली. जन्मभर एकच तक्रार. "मागल्या भिंतीला नाक लावून घर बांधलंसा. तुळस कुठं ठेवू, डोस्क्यावर?" आणि पत्र्यावरचा हातोडा न थांबवता बाबा म्हणायचे, "पुढं सरकारचा रस्ता हाय गं, शांता." आई तुळशीविनाच गेली.

मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा बाबांच्या वडिलांकडे जमिनीचा कागद होता, म्हणून इथली जागा मिळाली. फुलामावशीचं सासर त्याच गावचं. ओढ्यापलीकडचा उतार तीन पिढ्या त्यांनी नुसत्या शब्दावर कसला. कागद नाही, म्हणून काहीच मिळालं नाही. ती माणसं दिग्गीकडे रानात वर गेली. एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर बाबांनी काय केलं, ते मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

विनोद आत आला. तिच्या हातातला कागद बघून खाली बसला.

"मला तरी सांगायचं व्हतं त्यांनी."

"आईला सांगितलं न्हाई, तुला काय सांगत्यात."

"अक्का, गोव्यात एका खोलीत चौघं ऱ्हातोय मी. आज रजा मिळाली, आता पुन्हा कधी मिळंल काय ठावं. घर घेणाऱ्या लॉजवाल्याला पुढची बाजूच पायजे. ती न्हाई तर ह्ये मागचं घर घेऊन त्यो काय करंल?"

तो खोटं बोलत नव्हता. शिल्पाने कागदाची घडी घातली. "पुढचे आठ फूट सोडून वीक. न्हाईतर माझी सही न्हाई."

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. बाबांबद्दल कुणाला तरी सांगावं असं दीड महिन्यात पहिल्यांदाच वाटत होतं. जागेचं खरं कळलं की या बायका आणखी घट्ट बसतील, असंही वाटलं.

"मावशी, ही जागा सरकारची न्हाई. बाबांचीच हाय. पहिल्यापासनं."

भाजीवर पाणी शिंपडणारा फुलामावशीचा हात थांबला. "कागदात हाय?"

"व्हय. तुमाला बसता यावं म्हणून घर मागं सरकवून बांधलं त्यांनी."

"आन् मला सरकारचं म्हणून सांगितलं."

"व्हय."

फुलामावशीने मागे वळून पायरीकडे बघितलं. "म्हंजे मघाशी त्याच्याच दारात बसून त्याच्याच लेकाला टाकून बोलले मी."

"तसं न्हाई, मावशी..."

"सरकारचं म्हणून बसलो गं. सरकारनं आमचं सगळं घेतलं, त्याची चार हात जागा घेतली तर लाज कसली? पर झिलूचं कसं घ्यायचं?"

"मी सही देणार न्हाई. बसा तुमी."

"तू सही दे, न्हाईतर देऊ नगंस. आमी बसायचं न्हाई."

ती जुड्या टोपलीत भरू लागली. शेजारच्या बाईने कंद गोळा केले, मग तिच्या पलीकडच्या बाईने. कुणी कुणाला विचारलं नाही. आठ धोंडे ओढ्यातले होते, ते त्यांनी भिंतीशी सरकवून ठेवले. फुलामावशीचा तेवढा वेगळा होता. काळा, पाटाएवढा, मधोमध झिजलेला. तिच्या बुडालेल्या घराच्या उंबऱ्याचा तुकडा. पाणी चढलं त्या वर्षी झिलूबाबांनी आपल्या सामानाबरोबर तो गाडीत घातला होता.

टोपली ओळीत बसलेल्या आपल्या सुनेकडे देऊन तिने पदराची चुंबळ केली.

"जागा त्याची, धोंडा माझा. हात लाव."

शिल्पाने एका बाजूने धरला. वाटला होता त्याहून जड निघाला. दोघींनी मिळून तो उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. मावशीची मान एकदा हलली आणि स्थिर झाली.

"पुढल्या बाजाराला कुठं बसशीला?"

"बघू की. गाव मोठं हाय."

ती बसस्टँडच्या दिशेने निघाली. मागोमाग सून, मग बाकीच्या. विनोद दारात उभा होता.

"अक्का," तो म्हणाला, "सहीचं ऱ्हाऊ दे आज."

मोजणीवाला खाकरला. आलोच आहे तर माप पुरं करतो, म्हणाला.

शिल्पा बोळातून मागे गेली. वीट काढून तिने टेपचं टोक भिंतीला दाबून धरलं. पट्टी सरसर पुढे गेली. हाताला कुठे हिसका बसला नाही.

"साठ," पुढून आवाज आला. "सोडा आता."

तिचा अंगठा थोडा वेळ भिंतीवर तसाच राहिला.