गाडी गेली, मी राहिलो

मी एक इंजिन बोलतोय. मिरजोळ्याला गुरुप्रसादच्या गॅरेजमध्ये मागच्या भिंतीशी दोन ओंडक्यांवर मला ठेवलंय. अंगावर ताडपत्री आहे. ज्या गाडीत मी आयुष्य काढलं ती इथेच रत्नागिरीत धावते आहे, आणि मी नुसता बसून आहे. हे कसं झालं तेच सांगायचंय.

माझा जन्म अमेरिकेतला. आठ सिलिंडर, चार इकडे, चार तिकडे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. त्या काळी तिथल्या लोकांना ताकद हवी असली की ते सरळ इंजिन मोठं करत. पेट्रोल मी पाण्यासारखं प्यायचो, पण पाय दाबला की बॉनेट जरासं उचलायचं आणि माणूस मागे सीटला चिकटायचा. गाडीही तशीच मिळाली मला, लांबलचक, पुढे सोफ्यासारखी सलग सीट असलेली.

माझे मालक दाजी तेव्हा बहारीनच्या गोदीत फिटर होते. तिथला साहेब मायदेशी जाताना गाडी त्यांना देऊन गेला. दाजींनी ती बोटीने मुंबईला आणली आणि तिथून कशेडी घाटातून घरी.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरून काय येतंय ते दाजींना दिसायचं नाही, ते दिसायचं उजवीकडे बसलेल्या त्यांच्या बायकोला, बकुळाबाईंना. माझ्या आवाजात त्यांचं बोलणं पलीकडे पोचत नसे, म्हणून त्या हाताने सांगत. तळवा दाखवला की थांबा, बोटं हलवली की चला. आम्ही तिघं असे कित्येक वर्षं फिरलो. मिरकरवाड्याला मासळी घेऊन बसलेल्या बायका आम्ही दिसायच्या आधीच म्हणायच्या, "दाजी आले." ते ऐकून मी आणखी फुगायचो.

मग दाजी थकले, मीही थकलो. हल्लीचं पेट्रोल माझ्या जुन्या रबरी नळ्यांना सोसेना. महिन्यातून एकदा दाजी मला सुरू करायचे, बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहायचे आणि बंद करायचे.

गेल्या दिवाळीला त्यांची नात रुचिरा पुण्याहून आली. ती विजेवरच्या गाड्यांची इंजिनिअर. तिने स्वतःची नवी गाडी माझ्या शेजारी लावली. कधी आली ते मला कळलंसुद्धा नाही.

"आजोबा, तुमच्या गाडीला शंभराचा वेग गाठायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात ही दोनदा गाठेल," ती म्हणाली.

"आवाज कुठाय हिला?" दाजींनी विचारलं.

रुचिराने एक बटण दाबलं. स्पीकरमधून गुरगुर आली. मी दचकलो. ते आठ सिलिंडर होते. माझ्याच भाऊबंदांपैकी कुणाचा तरी आवाज गाडी बनवणाऱ्यांनी भरून ठेवला होता. दाजींनी सवयीने त्या नव्या गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवला. खाली काहीच हलत नव्हतं. त्यांनी हात काढून घेतला.

त्या वेळी बकुळाबाई शेजारच्या पडवीत अंथरुणातच होत्या. मणक्याचं ऑपरेशन झालेलं. हादरा चालायचा नाही, आणि पेट्रोलच्या वासाने उलटी यायची. त्यांचं एकच मागणं होतं, आरे-वाऱ्याच्या समुद्रावर एकदा जाऊन यायचं.

"माझ्या गाडीतून जाऊया की, आजी."

"तुझ्या गाडीत माणसाला कमरेत आवळून बसवतात. मला आमच्या गाडीत नीट कलंडता येतं."

रुचिराने आमच्या गाडीचं दार उघडून ती सलग सीट पाहिली. मग दाजींना म्हणाली, "गाडी हीच ठेवू. इंजिन तेवढं काढू आणि मोटर बसवू. हादरा नाही, वास नाही."

दुसऱ्या दिवशी दाजी आले, बॉनेट उघडून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, नाही म्हणतील. खरं सांगतो, मी तशी प्रार्थनाही केली. शेवटी ते पान्हा घेऊन वाकले आणि पहिला नट त्यांनीच सोडला.

इथे मिरजोळ्याला साखळीने मला वर उचललं तेव्हा दाजी गुरुप्रसादला म्हणाले, "जपून हां. आपटू नको त्याला." माझ्या जागी बसवायची मोटर बाजूला ठेवलेली होती, कलिंगडाएवढी. माझ्या दुप्पट जोर म्हणे तिच्यात. मी तिच्याकडे बघितलं नाही.

गाडी बाहेर पडली तेव्हा फक्त टायरखालची खडी वाजली. इतकी वर्षं जिला मी ओढलं, ती न कण्हता निघून गेली.

काही दिवसांनी दाजी आले. स्टूल ओढून माझ्याजवळ बसले, ताडपत्री बाजूला केली.

"जाऊन आलो रे," ते म्हणाले. "घाटी चढून वर गेलो, खाली समुद्र दिसला. तर ही विचारते, अवो, रेडिओ लावलाय काय? म्हटलं, नाय. मग गातंय कोण?"

दाजी जरा हसले.

"मीच गुणगुणत होतो. म्हणे, घरात कधी नाय, पण स्टिअरिंग हातात आलं की गुणगुणतो मी. मलाच ठाऊक नाय. ती म्हणाली, आयुष्यभर शेजारी बसले, पण आज कळलं. मग तिकडून घरापर्यंत बोलतच होती. हात नाय हलवला एकदाही."

त्यांनी माझ्या झाकणावरची धूळ पुसली, थोडा वेळ बसले आणि गेले.

तेव्हापासून मला एकच रुखरुख लागून राहिली आहे. त्यांच्या पायाचा दाब मी ओळखायचो, रागाचा वेगळा, आनंदाचा वेगळा. पण हे गाणं माझ्याच आवाजाखाली गाडलं गेलं होतं, आणि मी मात्र त्या आवाजाच्या गर्वात होतो.

मला पुन्हा रस्ता नको, दाजी. तिथे जे चाललंय ते चांगलं चाललंय. फक्त पुढच्या खेपेला याल तेव्हा हातात एखादं जुनं स्टिअरिंग घ्या, इथे पुष्कळ पडलीत. आणि बसा जरा वेळ. आता मी गप्प आहे. मला ऐकू येईल.