डावी कळी

प्राध्यापक धोंडिराम बनसोडे यांनी सोलापुरातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्राचीन रोम शिकवलं. त्यातली सव्वीस वर्षं एकाच वहीतून. निवृत्त झाल्यावर ते वळसंगच्या पलीकडच्या बाभुळगी या आपल्या गावी येऊन राहिले. रोमचा आणि आपला संबंध संपला, असं त्यांना वाटलं होतं. गावात वर्ष काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की संबंध आत्ता कुठं सुरू होतोय.

रोमचं थोडक्यात असं होतं. राजाला हाकलून दिल्यावर तिथं प्रजासत्ताक आलं. म्हणजे आधी एक घर राज्य करायचं, ते आता चाळीस-पन्नास घरं करू लागली. ही घरं पॅट्रिशियन आणि उरलेला गाव प्लेबियन. लढाईला जायचं प्लेबियनांनी आणि पदावर बसायचं पॅट्रिशियनांनी. कारण पदावरचं कुठलंही काम करण्याआधी देवाचा शकुन घ्यावा लागे, आणि पक्षी कुठल्या बाजूनं उडाला याचा अर्थ फक्त पॅट्रिशियनांनाच कळत असे. नको असलेली सभा आली की पक्षी हमखास उलटा उडायचा.

बाभुळगीत पॅट्रिशियन घर एकच, त्यामुळं भांडणं कमी. महिपती पाटलांचे आजोबा गावचे पहिले सरपंच, मग वडील, मग महिपती स्वतः. मध्ये एकदा बायकांचं आरक्षण आलं तेव्हा त्यांच्या मातोश्री सरपंच झाल्या. पाच वर्षांत ग्रामपंचायतीचं ऑफिस कुठल्या गल्लीत आहे, हे काही त्यांना कळलं नाही. गेल्या वर्षी मात्र पद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं. आता घरात तशी महिला आणायची कुठून? पाटलांनी आपल्या शेतात खुरपायला येणाऱ्या केराबाईला उभं केलं. तिच्यासमोर धोंडिराम सरांची सून धम्मप्रिया उभी राहिली. बी.कॉम. झालेली, तोंडावर बोलणारी. नवरा सिद्धांत पुण्याला बँकेत. ती तेवीस मतांनी निवडून आली. आपलंही मत तिलाच गेलं, असं केराबाई नंतर पाटलांच्याच शेतात खुरपता खुरपता सांगत होती.

पाटलांनी पराभव मोठ्या मनानं घेतला. सरपंचबाईंना पहिला नारळ त्यांनीच दिला. हातात एक गोष्ट फक्त ठेवली, ती म्हणजे कौल.

गावदेव बिरोबा. ग्रामसभेची नोटीस लागली की देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर पंचायतीचा शिपाई ज्ञानबा दवंडी देणार आणि गाव सभेला येणार. डावी पडली तर देवाची मर्जी नाही, म्हणून सभा पुढं. कळ्या लावायचा मान पाटलांच्या हाताला. पाटील सरपंच होते त्या काळात कळी एकदाही डावी पडली नव्हती. धम्मप्रिया सरपंच झाल्यापासून ती उजवी पडेना.

गावाचा या कळीवर फार विश्वास होता अशातला भाग नाही. पण कळी मोडून सभेला जायचं म्हणजे पाटलाशी वाकडं घ्यायचं, आणि पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो?

पहिल्या तीन ग्रामसभा निभावल्या. त्या तिन्ही दिवशी झेंडावंदन होतं. झेंड्याला कौल लागत नाही आणि जिलबीला दवंडी लागत नाही. चौथी सभा मार्चअखेरीच्या आत घ्यायची होती, आणि मार्चात झेंडा नसतो. वर्षातल्या ठरलेल्या ग्रामसभा घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पद जातं, असा कायदा आहे. पाटलांना हा कायदा पाठ होता. मार्चात दोनदा नोटीस लागली, दोनदा डावी कळी पडली. दोन्ही वेळा सभा पुढं ढकलायचा सल्ला धोंडिराम सरांनीच दिला. पद गेलं तर सरांच्या वस्तीवर येऊ घातलेली नळाची लाइनही जाणार होती.

तिसरी नोटीस बावीस तारखेची निघाली. त्या संध्याकाळी सर चुलीपाशी येऊन बसले.

"हे बग प्रिया," ते म्हणाले, "रोमात असंच झालतं. प्लेबियनांनी काय केलं ठावं हाय? सगळे गाव सोडून टेकडीवर जाऊन बसले. कामाला माणूस न्हाय, लढाईला माणूस न्हाय. पॅट्रिशियन गुडघ्यावर आले. आपनबी सगळी वस्ती घिऊन माळावर जाऊन बसू."

धम्मप्रियानं भाकरी तव्यावर टाकली. "मामा, आदीच सभेला मानसं येईनात. असलेली तुमी माळावर नेली तर सभेला बसंल कोन?"

सरांच्या वहीत हा मुद्दा नव्हता.

"मामा, माझं जरा ऐका. नियमाच्या पुस्तकात कोरमचं—"

"पुस्तकानं काय होतंय? आदी शकुनाचा हक्क मिळवावा लागतो," सर म्हणाले. "प्लेबियनांना सुदा शेवटी पुरोहित व्हायचा हक्क मिळालाच की." आणि चप्पल घालून ते पाटलांकडं निघाले.

सरांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब सोडून तिसरा फोटो नव्हता. बिरोबाला त्यांनी उभ्या आयुष्यात हात जोडले नव्हते. पण हक्काचा प्रश्न आला की मग ते देव-बीव बघत नसत.

पाटलांनी बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. ते सरांना 'सर' म्हणायचे. पाटलांचे वडील म्हणत नसत.

"पाटील, हे प्रजासत्ताक हाय," सर म्हणाले. "कळ्या लावायचा मान फिरता पायजे. एक खेप आमच्या वस्तीचा हात लागू दे."

पाटलांनी बशीतला चहा सावकाश संपवला. "सर, माझं काय म्हननं न्हाय. आपल्यात भेदभाव कुटं हाय आता? पन देवाला हाताची सवय असती."

"लावा की सवय."

"मी लावीन हो. कौल घ्यावा लागंल पन त्याचा." पाटील गंभीरपणे म्हणाले. "देवालाच इचारू, मान फिरता करायचा का म्हनून."

देवाला विचारलं. कळी डावी पडली. मग बावीस तारखेच्या सभेचं विचारलं, तीही डावी पडली. ज्ञानबानं दवंडीची हलगी खुंटीला अडकवली आणि तो मैंदर्गीच्या बाजाराला निघून गेला.

बावीसला सभेला नऊ माणसं आली. त्यात पाच घरचीच. कोरमला शंभर लागतात. ग्रामसेवक कुमार भाऊसाहेबांनी अर्धा तास वाट बघितली, घड्याळ बघितलं आणि रजिस्टरात लिहिलं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब. धम्मप्रियानं खाली सही केली आणि तहकूब सभेची तारीख टाकली, सत्तावीस मार्च. सर त्या रात्री जेवले नाहीत. एकतीस वर्षं आपण पोरांना सांगत आलो की शेवटी प्लेबियन जिंकले, आणि घरातलं एक पद आपल्याला राखता आलं नाही, याची त्यांना खरोखर लाज वाटत होती.

सत्तावीसला ते उशिरा, मान खाली घालून चावडीत पोचले. भाऊसाहेब सोडले तर सरांसकट बारा माणसं होती. त्यांनी बाराच मोजली, तेवढ्यात तेरावा माणूस दारात उभा राहिला. महिपती पाटील.

"कौल न्हाय, दवंडी न्हाय," पाटील म्हणाले, "आनि सभा कशाची चाललीया?"

"तहकूब सभेची, आबा," धम्मप्रिया म्हणाली. तिच्यापुढं नियमाचं पुस्तक उघडं होतं, पान दुमडलेलं. "बावीसला कोरम नव्हता म्हनून तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत न्हाय. बारा असू द्या न्हायतर दोन असू द्या, झालेला ठराव पक्का."

पाटलांनी कुमार भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेबांनी मान हलवली. पाटलांच्या घरात तीन पिढ्या सरपंचपद होतं, पण कोरम नसल्याची वेळ त्यांच्यावर एकदाही आली नव्हती. त्यांचा शब्द हाच कोरम होता. त्यामुळं हे पान त्यांनी कधी उलटलंच नव्हतं. गाव सभेला येऊ नये म्हणून त्यांनी जी कळी पाडली, तिनंच कोरमची अट उडवून टाकली होती.

धोंडिराम सरांनीही ते पान उलटलं नव्हतं. सुनेनं सांगायला तोंड उघडलं होतं. तेव्हा सर रोममध्ये होते.

"आलाच हायसा तर सही करा आनि बसा, आबा," धम्मप्रिया म्हणाली. "सही केल्याबिगर बोलता येनार न्हाय."

पाटलांनी सही केली. सरांचा जीव भांड्यात पडला. ते उत्साहानं पुढं, टेबलाकडं गेले. आधीच्या तिन्ही सभांना टेबलामागं तीन खुर्च्या होत्या. एक सरपंचबाईंची, एक भाऊसाहेबांची आणि मधली सरांची. प्रास्ताविक सर करायचे, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं सर द्यायचे, आभार सरच मानायचे. सरपंचबाईंचा फोनसुद्धा त्यांच्याच खिशात असे. आज टेबलामागं दोनच खुर्च्या होत्या.

"ज्ञानबा, माझी खुर्ची कुटं गेली रं?" सर म्हणाले.

"मीच काढायला सांगितली, मामा," धम्मप्रिया म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमी पंचायतीचं सदस्य न्हाय. तुमी खाली, लोकांत बसा. आनि माझा फोन द्या."

चावडीत कुणी हसलं नाही. सरांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. चाळीस पोरांचा वर्ग कधी वाटला नव्हता एवढी चावडी मोठी वाटली. सतरंजीवर जागा एकच होती, पाटलांच्या शेजारी. सर तिथं मांडी घालून बसले.

सभा सुरू झाली. विषय पहिला, वस्तीवरची नळाची लाइन. धम्मप्रियानं ठराव वाचला, लाइन कुठून कुठं जाणार ते सांगितलं, एकाच्या शंकेला उत्तर दिलं. कुठंही अडखळली नाही. तिला हे सगळं येतं, हे आपल्याला का माहीत नव्हतं, असा प्रश्न सरांच्या मनात आला. उत्तर सोपं होतं: आपण तिला कधी बोलूच दिलं नव्हतं. तेच त्यांना आवडलं नाही. पाटलांच्या मातोश्रींना निदान कुणी हुशार समजत नव्हतं.

पाटील त्यांच्याकडं झुकले. "सर, तुमच्या रोमात असं कदी झालतं का?"

सरांनी सगळी वही मनातल्या मनात चाळली. टेकडीवर गेलेले लोक, पुरोहित झालेले लोक, पहिल्यांदा पदावर बसलेला प्लेबियन. सगळी पानं बघून झाली.

"न्हाय पाटील," ते म्हणाले. "तितं बायकांना सभेतच घेत नव्हते. पॅट्रिशियन बी घेत नव्हते, आनि आमचे बी."

"मामा, सभेत कुजबुज नको," समोरून आवाज आला. "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

सरांनी हात वर केला. धम्मप्रिया बोटानं मोजत आली. सरांच्या हातावर तिचं बोट इतरांपेक्षा जास्त थांबलं नाही. सरांना ते लागलं, आणि तरी हात खाली घ्यावासा वाटेना.

"बारा," ती म्हणाली. "आबा, तुमचा हात?"

पाटलांचा हात मांडीवरच होता. भाऊसाहेबांनी लिहिलं: हजर तेरा, बाजूने बारा, तटस्थ एक.